नाव झालेला मुलगा

गोराईच्या आमच्या नाक्यावर गेल्या पावसाळ्याआधी एक फ्लेक्स लागला होता. शालेय स्पर्धेत शतक ठोकल्याबद्दल आमच्याच सोसायटीतल्या तेरा वर्षांच्या मुलाचे 'हार्दिक अभिनंदन'! शुभेच्छुकांचे चेहरे चौदा, आणि मुलाचा फोटो त्यांतल्या कुठल्याही भाऊ-दादाच्या फोटोपेक्षा लहान. तरीही आम्हा सगळ्यांना आनंद झाला. म्हाडाच्या पस्तीस घरांच्या सोसायटीत असे काही रोज घडत नाही. पंधरा-वीस दिवसांनी त्याची आजी माझ्या पत्नीला सांगत होती, "वहिनी, हल्ली हा खाली खेळायला जातच नाही हो. कोणी हाक मारायलाही येत नाही."

फ्लेक्स आणि आजीचे हे वाक्य, दोन्ही तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत.

लहानपणी 'लोकप्रिय' असणे म्हणजे नेमके काय? आपण हा शब्द सरसकट वापरतो. पण एखाद्याचे नाव होणे वेगळे आणि एखादा हवाहवासा वाटणे वेगळे. मुलांना हा फरक बरोबर कळतो. मानसशास्त्रज्ञांनी शाळेतल्या मुलांना दोन वेगवेगळे प्रश्न विचारून पाहिले आहेत: तुमच्या वर्गात सर्वांत लोकप्रिय कोण, आणि तुम्हाला सर्वांत जास्त आवडते कोण? दोन्ही याद्यांतली नावे पुष्कळदा वेगळी निघतात. मिच प्रिन्स्टीन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २०१७ साली याच भेदावर एक अख्खे पुस्तक लिहिले.

मुंबईकराला मात्र यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याकडे हॅरिस शील्ड आहे.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर शारदाश्रमची दोन मुले सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागी करतात. चौदा वर्षांचा सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, सोळा वर्षांचा विनोद कांबळी नाबाद ३४९. एकाच डावात, एकाच खेळपट्टीवर, एकाच गुरूच्या दोन शिष्यांच्या वाट्याला सारखीच कीर्ती आली. उलट कांबळीच्या धावा तेवीसने अधिकच होत्या! पुढे काय झाले ते घराघरांत ठाऊक आहे. कांबळीने १९९३ मध्ये लागोपाठ दोन कसोटींत द्विशतके काढली आणि १९९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ५४ च्या सरासरीवर त्याची कसोटी कारकीर्द थांबली. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कला आचरेकर सरांच्या स्मारकाच्या समारंभात त्याने सचिनचा हात धरून ठेवला होता. ते दृश्य पाहून माझ्यासारख्या कित्येकांच्या घशाशी आवंढा आला असेल.

यावरून कांबळीला चार शब्द सुनावण्याची आपल्याकडे फॅशन आहे. मला ती मान्य नाही. कांजूरमार्गहून लोकलच्या गर्दीत किट सांभाळत येणारा मुलगा आणि साहित्य सहवासातल्या प्राध्यापकाच्या घरातून, मागे भक्कम थोरला भाऊ घेऊन आलेला मुलगा, यांच्या पायाखालची जमीन एक नव्हती. शिवाय कांबळी मित्रांत नकोसा होता असेही नव्हे. तो तर मैफलीचा माणूस! मला एवढेच म्हणायचे आहे की त्या डावाच्या कीर्तीने दोघांपैकी एकाचेही पुढचे आयुष्य ठरवले नाही. ते ज्यांनी ठरवले त्या गोष्टी धावफलकावर नव्हत्या.

नंतरही हे घडतच राहिले. नोव्हेंबर २०१३ मध्ये चौदा वर्षांच्या पृथ्वी शॉने त्याच हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा केल्या. (समोर उन्हात क्षेत्ररक्षण करणारी पोरे आमच्या बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस द'असिसीची होती, त्यांचा फ्लेक्स कोण लावणार?) कसोटी पदार्पणात त्याने शतक केले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या रणजी संघातूनही तो वगळला गेला. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा हा मुलगा दोन दिवसांत जगभर पोहोचला. असोसिएशनने शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी, अपेक्षेप्रमाणे खेळ होत नाही म्हणून, ती थांबवावी असे त्याच्या वडिलांनीच कळवले. मला त्या हजार धावांपेक्षा हे पत्र मोठे वाटते. मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरवणारा बाप विरळा.

आता आमच्या बोरिवलीचीच दुसरी गोष्ट. १९९९ च्या सुमारास इथे आजी-आजोबा आणि काकांकडे राहणाऱ्या एका ऑफस्पिनर मुलाला दिनेश लाड सरांनी स्वामी विवेकानंद शाळेत घ्यायचे ठरवले. महिना २७५ रुपये फी काकांना झेपणारी नव्हती. सरांनी शब्द टाकून ती माफ करून घेतली. तो रोहित शर्मा. त्यानंतर काही वर्षांनी पालघरचा शार्दूल ठाकूर लाड सरांच्या घरातच राहून खेळला आणि शालेय सामन्यात एका षटकात सहा षटकार मारून गेला. या दोघांना नाव मिळण्याआधी कुणाचे तरी घर मिळाले होते. अर्थात दोन यशस्वी उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही. घर मिळूनही पुढे न आलेली मुले किती, याची मोजदाद कोण करते?

म्हणून थोडे संशोधनाकडे वळतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या जोसेफ अ‍ॅलन यांनी १८४ मुलांचा तेराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. वयाआधी मोठे दिसण्याची घाई केलेली, देखण्या सवंगड्यांत वावरणारी, छोटे-मोठे नियम मोडणारी मुले तेराव्या वर्षी वर्गात भाव खात होती. काही वर्षांत तो भाव उतरला, आणि विशीत व्यसनांचा व नातेसंबंधांचा त्रास त्यांच्यातच अधिक आढळला. हे २०१४ साली प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यांना एखादा जिवाभावाचा मित्र होता, ती मुले पंचविशीत अधिक स्वस्थ होती. ज्यांच्या भोवती नुसताच घोळका होता, त्यांच्यात चार माणसांत वावरण्याची धास्ती अधिक दिसली.

नव्वदच्या दशकात आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आमच्या चौकात असे दोन मुलगे होते. एक हिरो. गणपतीत नाचायला, बाइकवर फिरायला तोच पुढे. दुसरा साधा, पण 'कच्चा लिंबू' असलेल्या पोरालाही तो आपल्या संघात घ्यायचा आणि स्वतः आउट झाला की वाद न घालता बॅट ठेवायचा. हिरो आज पन्नाशीजवळ आला आहे. भेटला की अजून १९९४ ची फायनल सांगतो, आणि ती ऐकणारे आता मी आणि इस्त्रीवाला एवढेच उरलो आहोत. दुसऱ्याचे मात्र सोन्यासारखे झाले असे सांगता आले असते, तर लेख सोपा झाला असता. हवाहवासा असण्याच्या सवयीने त्याला कुणालाच नाही म्हणता येईना. दोन मित्रांच्या कर्जाला जामीन राहिला आणि बायकोचे दागिने गेले. पण त्याच वर्षी त्याच्या वडिलांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलात न्यावे लागले, तेव्हा जिना उतरायला चौघे जण आपणहून आले होते. त्यातला एक त्याचा जुना कच्चा लिंबू होता.

पहिल्या प्रकारची कीर्ती मुले स्वतः मिळवत नाहीत, ती आपण मोठी माणसे वाटतो. पूर्वी दहावीच्या गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो वर्तमानपत्रांत यायचे. बोर्डाने ती यादी बंद केली, तर क्लासवाल्यांनी फ्लेक्स लावले आणि आता आई-बाप रील काढतात. या मुलाचे कात्रण मीच लॅमिनेट करून दिले होते. त्याच्या आजीचे बोलणे ऐकताना ते मला आठवत होते.

पावसाळ्यात फ्लेक्स एका बाजूने फाटला. कुणीतरी तो काढून सायकलींच्या शेडवर घातला. पाणी गळत नाही. सप्टेंबरात एका संध्याकाळी मी कट्ट्यावर बसलो होतो. मुले संघ पाडत होती. तो मुलगा खाली आला आणि जिन्यापाशी उभा राहिला. चौथ्या हाकेला त्याला घेतले. बॅटिंग आली नाही. लाँग-ऑनला उभा राहून त्याने दोनदा गटारातून चेंडू काढला, पँटला पुसला आणि फेकला.