काळ्या दगडातले अंश

फेब्रुवारी सरत आला की रानात पळस पेटतो, ज्वारी काढणीला येते आणि गावोगावच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनांची धांदल उडते. मराठी भाषा गौरव दिनाचा गजर अजून कानात असतो, तोवर २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन उजाडतो. प्रदर्शनातल्या एखाद्या टेबलावर मातीचा ज्वालामुखी हमखास मांडलेला असतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की लाल फेस उसळतो नि मुले टाळ्या पिटतात. शाळेच्या जोत्याचा काळा दगड, शिवारातली काळी माती, गावामागचा डोंगर हे सारे खऱ्याखुऱ्या ज्वालामुखीचेच देणे आहे आणि त्यावरच आपण पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलो आहोत, हे मात्र त्या मुलांना कुणी सांगितलेले असतेच असे नाही.

विज्ञान दिनही मुळात एका सूक्ष्म गोष्टीचा आहे. १९२८ साली याच तारखेला कोलकात्यात सी. व्ही. रामन यांना विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळा, अत्यंत क्षीण असा अंश आढळला. त्या कामात त्यांच्यासोबत के. एस. कृष्णन हे तरुण संशोधक रात्रंदिवस खपत होते आणि त्या शोधाचे पहिले टिपण दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या नावाच्या शेजारी असा एक तरुण हात बहुधा असतोच. आजच्या दिवशी आपण त्या हातांचे स्मरण करावे, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपला सह्याद्री पुरेसा आहे.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे लोट एकावर एक पसरत गेले आणि आपले दख्खनचे पठार घडले. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना कड्यात जे थर दिसतात, ते हेच लोट. डोळ्यांना सगळा दगड सारखाच काळा. हा थर कोणता, पलीकडच्या डोंगरात तो कुठे सापडेल, रस वर येताना कशाकशातून आला, यांची उत्तरे नुसत्या नजरेला मिळत नाहीत. ती दडलेली असतात दगडात दशलक्षात काही भाग एवढ्याच प्रमाणात असणाऱ्या लेशमूलद्रव्यांत, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम अशांत, आणि त्यांच्या समस्थानिकांत. रुबिडियमचा एक समस्थानिक अतिशय सावकाश क्षय पावतो नि त्याचे स्ट्रॉन्शियम-८७ होते. इतके सावकाश, की निम्मे रुबिडियम सरायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. खंडांच्या जुन्या कवचात रुबिडियम अधिक, म्हणून तिथे हे स्ट्रॉन्शियमही साचत गेलेले असते. खोल प्रावरणातून निघालेला शिलारस वाटेत अशा कवचाला भिडला, त्यातले काही विरघळवून घेऊन वर आला, की त्याची खूण दगडात कायमची राहते. आंबेनळीच्या थरांत स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ यांचे गुणोत्तर ०.७०४च्या आसपास असते. त्यांच्या खूप खाली असलेल्या बुशे थरांत ते ०.७१३च्याही पुढे जाते. फरक दशांशाच्या तिसऱ्या स्थळापासून दुसऱ्यापर्यंतचा, पण त्यात पृथ्वीच्या पोटातल्या प्रवासाची अख्खी हकिकत आहे.

ही हकिकत वाचली गेली ती मुख्यतः १९८०च्या दशकात. कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ, मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव अशा जाणत्यांनी वाट आखली. पण घाटाघाटांतून हातोडा घेऊन हिंडणारे आणि प्रयोगशाळेत रात्री काढणारे पुष्कळसे लोक पीएच.डी.चे विद्यार्थी होते. महाबळेश्वरच्या थरांवरचे जॉन महोनी यांचे समस्थानिकांचे काम त्यांच्या विद्यार्थिदशेतलेच. आज आपण नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर ही नावे भूशास्त्राच्या जागतिक ग्रंथांत वाचतो, ती या श्रमांमुळे. आणि थेट आंध्रात, राजमहेंद्रीजवळ गोदावरीकाठी सापडणारा बेसाल्ट आपल्या सह्याद्रीतल्या थरांशी नाते सांगतो, सुमारे हजार किलोमीटर वाहत गेलेल्या लाव्हाचा तो पुरावा मानला जातो, हेही अशाच मोजमापांतून उमगले.

हे मोजमाप कसे चालते, ते जरा जवळून पाहण्याजोगे आहे. विद्यार्थी कड्यातून दगड फोडतो, त्याची झिजलेली साल काढून टाकतो, पोकळ्यांतले झिओलाइटचे पांढरे स्फटिक वेचून बाजूला करतो, कारण ते मागाहून आलेल्या पाण्याने घडवलेले असतात. मग दगडाची पिठासारखी पूड होते. त्यातली चिमूटभर टेफ्लॉनच्या भांड्यात जाते. जे आम्ल दगड विरघळवते ते काचही खाते, म्हणून काचेचे भांडे चालत नाही. नंतर रेझिनच्या बारीक नळीतून थेंब थेंब गाळून स्ट्रॉन्शियम वेगळे करायचे आणि मग समस्थानिक मोजणाऱ्या यंत्रापुढे बसायचे. या साऱ्या खटाटोपात दगड न घातलेले एक भांडेही सोबत चालते. तीच आम्ले, तीच नळी, तेच सोपस्कार. आपल्या हातून, हवेतून, धुळीतून किती भेसळ झाली, ते त्या रिकाम्या भांड्यावरून कळते. स्वतःच्या कामावर आधी संशय घ्यायचा, मग दगडाबद्दल बोलायचे, हा संस्कार कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या भांड्यातून खोल रुजतो.

शिकागो विद्यापीठात पीएच.डी. करताना क्लेअर पॅटरसन यांना हाच धडा मिळाला. खडकातले शिसे मोजायला घेतले, तर प्रत्येक वेळी ते अपेक्षेहून फार जास्त निघे. ते येत होते खोलीतल्या हवेतून आणि धुळीतून. पुढे वर्षानुवर्षे खपून त्यांनी प्रयोगशाळा निर्मळ केली, १९५६ साली पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे असल्याचे दाखवले, आणि त्याच काटेकोरपणातून पेट्रोलमधले शिसे जगभर कसे पसरले आहे हे उघड करून त्याविरुद्ध ते झगडले. आपल्या देशात २००० साली पेट्रोल शिसेमुक्त झाले. आपल्या मुलाबाळांच्या श्वासाशी या विद्येचा असा थेट संबंध आहे.

मग आपल्याकडे सोपवलेल्या या डोंगरांचे काय? घाटरस्ता रुंद होतो, बोगदा खोदला जातो, तेव्हा डोंगराचा ताजा काप थोडे दिवस उघडा असतो. पुढे त्यावर जाळी आणि सिमेंट चढते. तेवढ्या अवधीत जवळच्या महाविद्यालयातल्या मुलांना तिथे सुरक्षितपणे पोहोचता यावे, नमुने घेता यावेत, इतकी सोय बांधकाम खात्याला अवघड नाही. आणलेल्या नमुन्यांवर ठिकाण, उंची, तारीख लिहून ते जपणारी कपाटे हवीत. कारण आजच्या यंत्राला न दिसलेले वीस वर्षांनी दिसू शकते आणि तोवर तो काप उरलेला नसतो. मोठी यंत्रे मोजक्याच संस्थांत असणार, हे समजण्यासारखे आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलीचे दहा नमुने तपासण्याचे शुल्क आणि तिचा प्रवासखर्च विद्यापीठाने उचलला, तर सत्कार-समारंभांहून तो विज्ञान दिन अधिक शोभेल. तिच्या कष्टाला शोधनिबंधात तिचे नाव मिळावे, हेही आपण ठणकावून सांगायला हवे.

कारण कामे संपलेली नाहीत. मध्य प्रदेशात मंडला-जबलपूरकडे पसरलेल्या लाव्हाचे बरेचसे गुण सह्याद्रीच्या वरच्या थरांशी जुळतात, पण शिशाचे समस्थानिक पुरते जुळत नाहीत. ते लोट पश्चिमेकडून तिथवर गेले, की तिथल्याच भेगांतून उसळले, यावर अजून वाद आहे. नागपूर-अमरावतीकडच्या विद्यार्थ्यांना तो प्रदेश घरापासून फारसा दूर नाही. या वर्षी भूशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांपैकी कुणी तिथले थर एकेक करून मोजायला घेतले, तर त्यांना हातोडा, वाहन आणि यंत्रावरची वेळ वेळेवर मिळेल, एवढी तजवीज आपण आत्ताच करू शकतो.