पावसाळ्यात सड्यावर कोण जाणार?

“सर, दोन महिने मागच्या अहवालातली गावांची नावं बदलली आणि तक्ते जुळवले.” पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.तली माझी एक विद्यार्थिनी इंटर्नशिप संपवून आली तेव्हा हे म्हणाली. ती ज्या कन्सल्टन्सीत होती तिथल्या प्रमुखांशी मी नंतर बोललो. त्यांनी जे सांगितलं ते या व्यवसायातले पुष्कळ जण सांगतात, म्हणून त्यांची बाजू आधी नीट मांडतो.

पर्यावरणीय मंजुरीचा अहवाल हे जोखमीचं काम आहे. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार माहिती खोटी निघाली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो, मिळालेली मंजुरीही रद्द होऊ शकते. अहवालाची जबाबदारी ‘नॅबेट’ या मंडळाची मान्यता असलेल्या तज्ज्ञांवर असते. मग चार श्रेयांकांच्या ‘ओजेटी’साठी (ऑन-जॉब ट्रेनिंग), म्हणजे जेमतेम १२० तासांसाठी आलेल्या पोराच्या हाती फील्डची नोंदवही कशी द्यायची? त्याला शिकवण्यात आमचा वेळ जातो तो वेगळाच. वर विद्यावेतन कसलं मागता?

जोखीम खरी आहे, हे मला मान्य. पण ती येते कुठून? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे सापडले होते. कर्नाटकातल्या दांडेली धरणाचा अहवाल दुसऱ्याच प्रकल्पाच्या अहवालावरून उतरवल्याचं २००० साली उघड झालं. कुणा नवख्याने चुकीची नोंद घेतली म्हणून या गोष्टी घडल्या नाहीत. फील्डच्या जागी जुनी फाइल आली म्हणून घडल्या. आणि माझ्या विद्यार्थिनीला दोन महिने शिकवलं गेलं ते नेमकं हेच.

आता सड्याकडे, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या पठाराकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे. अहवालासाठी आधाररेषेची, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीची माहिती साधारणपणे पावसाळा सोडून एका हंगामाची, तीन महिन्यांची घेतात. हवेसाठी ते योग्यच आहे. पाऊस धूळ धुऊन टाकतो, त्यामुळे प्रदूषणाचा खरा अंदाज कोरड्या दिवसांतच येतो. पण कोकणातला कातळसडा मार्चमध्ये पाहणाऱ्याला काय दिसणार? तापलेला जांभा आणि वाळलेलं गवत. तो अहवालात ‘पडीक जमीन’ असं लिहून मोकळा होतो. जूनचा पहिला पाऊस पडला की त्याच सड्यावर दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. ही वनस्पती कोकणाबाहेर जवळजवळ कुठेच नाही, आणि बाकीचं वर्ष ती जमिनीखाली कंद होऊन राहते. पुढे डबक्यांच्या कडेने गेंद आणि सीतेची आसवं फुलतात. खालच्या वाडीच्या विहिरीला येणारं पाणीही याच सड्यावर मुरतं. हे सगळं चार महिन्यांत घडतं आणि त्या चार महिन्यांत तिथे मोजणारा कुणी नसतो. आपली ‘ओजेटी’सुद्धा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सत्रात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येते. ज्या महिन्यांत सडा मुका असतो त्याच महिन्यांत आपण मुलांना पर्यावरण शिकायला पाठवतो.

नवख्याला नोंदी जमत नाहीत, हेही मला पटत नाही. चौकट आखून त्यातली झाडं मोजणं, विहिरीची पातळी दर आठवड्याला त्याच दोरीने त्याच कठड्यावरून घेणं, हवेच्या सॅम्पलरचा फिल्टर पेपर वेळेवर बदलणं, या कामांना सचोटी आणि चिकाटी लागते. तज्ज्ञाने ते तपासावं आणि जबाबदारी घ्यावी. एवढं तर त्याचं कामच आहे.

चळवळीतल्या माझ्या मित्रांचा आक्षेप उलट दिशेने येतो. सल्लागाराला पैसे प्रकल्पवालाच देतो, तेव्हा मुलांना तिथे पाठवूच नका, असं ते म्हणतात. त्यांची भीती रास्त आहे, पण सल्ला चुकीचा आहे. जनसुनावणीच्या आधी गावाला किमान ३० दिवसांची नोटीस मिळते आणि मराठीत फक्त सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत. सॅम्पलर गावाच्या कोणत्या बाजूला ठेवला होता, वारा कुठून वाहत होता, विहिरी कोणत्या महिन्यात मोजल्या, हे प्रश्न विचारायला असा अहवाल आतून पाहिलेलं माणूस लागतं. ते माणूस गावातलंच असेल तर फारच उत्तम.

ते गावातलं असायला हवं म्हणूनच विद्यावेतन हवं. आयटीआयतून कारखान्यात गेलेल्या शिकाऊ उमेदवाराला १९६१च्या कायद्याने विद्यावेतन मिळतं. एम.एस्सी.च्या इंटर्नला मात्र ते मिळेलच याची खात्री नाही. ज्या मुलीला सड्यावरच्या प्रत्येक रोपाचं गावातलं नाव ठाऊक आहे, तिला ठाण्या-पुण्यात खोली घेऊन फुकट राबणं परवडत नाही. ती येत नाही, आणि अहवालात ‘पडीक जमीन’ तशीच राहते.

विद्यापीठांनी या विषयापुरती तरी ‘ओजेटी’ जून ते सप्टेंबरमध्ये ठेवावी. सल्लागारांकडे माझं मागणं थोडं आहे. अधिसूचनेने ठरवून दिलेल्या अहवालाच्या रचनेत सल्लागारांची माहिती देणारं १२वं प्रकरण असतं. तिथे तज्ज्ञांच्या खाली इंटर्नचं नाव छापा, आणि त्यापुढे तो कोणत्या तारखांना कोणत्या ठिकाणी हजर होता ते लिहा.