वाळूची पावती आणि विहिरीचे पाणी



गेल्या उन्हाळ्यात नदीकाठच्या एका गावी विहिरींची पाहणी करायला गेलो होतो. त्या गावाशी माझी जुनी ओळख. पूर्वी तिथे मे महिन्यातसुद्धा तीस फुटांवर पाणी असे. काठावरची केळी आणि ऊस पाहून पाहुणे हेवा करीत. या वेळी पाहिले तर विहिरीच्या तळाला दोन हात पाणी, मोटार अर्धा तास चालून बंद. नदीकडे पाहिले तर वाळूच्या जागी उघडा खडक आणि मधे मधे खोल डोह.

माझ्याबरोबर एक वयस्क शेतकरी होते. विहिरीच्या काठावर बसून ते म्हणाले, "साहेब, वाळूचा ठराव आला तेव्हा ग्रामसभेत हात मीच वर केला होता. गावाला पैसा मिळेल म्हणाले. देवळापुढे सभामंडप झाला. पाणी मात्र गेलं."

मला खाली पाहावे लागले, कारण त्या ग्रामसभेला मीही होतो. बियाणे आणि पीक विम्याची माहिती सांगून मी उठून आलो. वाळूचा विषय महसूल खात्याचा, त्यात आपण कशाला बोला, असे मला तेव्हा वाटले. पण विहिरीचे पाणी हा शेतीचाच विषय आहे. म्हणून तेव्हा जे बोललो नाही ते आज लिहितो आहे.

वाळू कुणाची?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. नदी, नाला आणि ओढा यांच्या पात्राची मालकी शासनाची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. केंद्र सरकारच्या 1957 च्या खाण व खनिज कायद्यात साधी वाळू, खडी, साधी माती आणि इमारतीचा दगड यांना 'गौण खनिज' असे नाव आहे. गौण म्हणजे कमी महत्त्वाचे असा अर्थ घेऊ नका. त्यांचे नियम करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम 15 ने राज्यांना दिला आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या राज्याचे यासंबंधीचे नियम 2013 सालचे आहेत.

ही वाळू कुणी उपसून नेली तर मालकाला, म्हणजे शासनाला, जी किंमत द्यावी लागते तिला स्वामित्वधन म्हणतात. बोलण्यात आपण तिला रॉयल्टी म्हणतो. हा कर आहे की किंमत, यावर कोर्टात बरीच वर्षे वाद चालला. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला कर म्हटले होते. 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने तो निर्णय बदलला. रॉयल्टी हा कर नाही, खनिज नेण्याबद्दल मालकाला द्यायचा तो मोबदला आहे, असे आता ठरले आहे.

यात आपल्यासाठी एक साधा धडा आहे. तुमच्या गोठ्यातली म्हैस कुणी विकत नेली तर तुम्ही पैसे मोजून घेता, आणि दावे सोडण्याआधी घेता. नदीची वाळू ही सगळ्या गावाची, सगळ्या राज्याची म्हैस आहे. ती विनापावती गेली तर आपल्याच गोठ्यात चोरी झाली असे समजावे.

ब्रास मोजायला शिका

वाळूचे माप ब्रास. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, मीटरच्या हिशोबात सुमारे 2.83 घनमीटर. गौण खनिजाच्या स्वामित्वधनाचा दर 2021 साली ब्रासला 600 रुपये झाला. लिलावात बोली लागते तेव्हा रक्कम याहून वेगळी होते. हिशोबापुरता आपण 600 चाच आकडा घेऊ.

माप काढणे अवघड नाही. गाडीच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि वाळूची उंची फुटांत मोजा, तिन्ही आकडे गुणा आणि शंभराने भागा. ट्रॉली 10 फूट लांब, 6 फूट रुंद आणि वाळू 2 फूट उंच असेल तर 120 घनफूट, म्हणजे 1.2 ब्रास. डंपरचा हौदा 14 फूट लांब, 7 फूट रुंद आणि वाळू 4 फूट असेल तर 392 घनफूट, म्हणजे जवळजवळ 4 ब्रास. अशा डंपरची पावती 2 ब्रासची असेल तर निम्मी वाळू फुकट गेली. शंभर खेपांत 192 ब्रास, आणि 600 च्या दराने 1 लाख 15 हजार 200 रुपये बुडाले.

शाळेत सहावी-सातवीला जाणाऱ्या मुलामुलींना हे गणित घाला. पुस्तकातल्या हौदापेक्षा त्यांना यात जास्त गोडी वाटेल.

नदीचा जमाखर्च

आता दुसरा हिशोब पाहू. हा कुठल्याही पावतीवर लिहिलेला नसतो.

आपल्या राज्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा. या कातळात पाणी फार साठत नाही. नदीपात्रातली वाळू मात्र पाणी धरून ठेवते. वाळूच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरते, पूर ओसरला की ते हळूहळू काठाकडे आणि खालच्या अंगाला सरकते. काठावरच्या विहिरी दिवाळीनंतरही भरलेल्या दिसतात त्यात या वाळूचा मोठा वाटा असतो.

समजा, 1 किलोमीटर लांब, 50 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल असा वाळूचा थर आहे. तो झाला 1 लाख घनमीटर, म्हणजे सुमारे 35 हजार 300 ब्रास. 600 च्या दराने सगळा उपसला तर सरकारी तिजोरीत 2 कोटी 12 लाख रुपये जमा होतील. रक्कम मोठी दिसते, पण ती एकदाच मिळते.

त्या थरातून पाचव्या हिश्श्याइतके पाणी मोकळे होते असे धरा. म्हणजे 20 हजार घनमीटर, 2 कोटी लिटर. एका हेक्टरला 7 सेंटिमीटरची एक पाळी द्यायला 700 घनमीटर पाणी लागते. त्या हिशोबाने 28 हेक्टर, म्हणजे सुमारे 70 एकर रब्बीची एक पाळी त्या वाळूत साठलेली असते. नदीला जितक्या वेळा पूर येईल तितक्या वेळा ही कोठी पुन्हा भरते, आणि दरवर्षी भरते. वाळू गेली की कोठीच गेली.

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पात्र खोल गेले की काठच्या जमिनीतले पाणी उलट नदीकडे पाझरू लागते. जी नदी विहिरीला पाणी देत होती तीच विहिरीचे पाणी ओढून नेते. काठ ढासळतात आणि सात-बारावरची जमीन पुरात वाहून जाते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या आणि पुलाच्या पायाखालची वाळू निघाली की पाया उघडा पडतो. कोकणातल्या खाड्यांत सक्शन पंपाने बेसुमार उपसा झाला की काठ कोसळतात आणि खारे पाणी शेतात शिरण्याचा धोका वाढतो. तिथल्या डुबी लावून हाताने वाळू काढणाऱ्या मजुराचा रोजगारही पंपाने खाल्ला.

मग वाळू उपसूच नये का?

असे मी म्हणत नाही. घर बांधायला वाळू लागते, आणि नदी दर पुराबरोबर थोडी नवी वाळू आणते. जेवढी येते तेवढ्याच्या आतच काढावी, हे खरे सूत्र. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये.

कायदाही आज याच बाजूला आहे. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या एका प्रकरणात निकाल दिला की 5 हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातल्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी लागेल. त्यानंतर 2016 आणि 2020 साली केंद्राने वाळूसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. केरळने तर 2001 सालीच नदीकाठ आणि वाळूसाठी स्वतंत्र कायदा केला आणि वाळूच्या पैशातून नदीसाठी वेगळा निधी ठेवला. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात 1996 च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या लिलावाआधी गावाची शिफारस बंधनकारक केली आहे.

आपल्या राज्यात 2023 साली शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू विकण्याचे धोरण आले. 2025 साली ते बदलून पुन्हा लिलाव आणले गेले आणि त्यात घरकुलाच्या लाभार्थ्यांसाठी 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत ठेवली. दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला त्याच वर्षी स्वामित्वधन 600 ऐवजी 200 रुपये केले. बांधकामाला ती चालते. नदीवरचा भार तेवढाच हलका होतो.

ग्रामसभेत काय विचाराल?

गावात वाळूचा विषय निघाला तर हात वर करण्याआधी एवढे विचारा.

1. गटाची लांबी, रुंदी आणि खोली किती? एकूण किती ब्रास काढणार? आकडा इतिवृत्तात लिहून घ्या.
2. पर्यावरण मंजुरी मिळाली आहे का? तिची प्रत ग्रामपंचायतीत आहे का?
3. पाणीपुरवठ्याची विहीर, बंधारा आणि पूल यांपासून किती अंतर सोडले आहे?
4. हद्दीच्या खुणा कोण रोवणार आणि खोली कोण मोजणार?
5. पावसाळ्यात आणि रात्री उपसा बंद राहील याची जबाबदारी कुणाची?
6. गावाच्या वाट्याला काय येणार आणि ते कशावर खर्च होणार?

शेवटच्या प्रश्नावर माझे मत सांगतो. नदीचा पैसा आधी नदीवर आणि पाण्यावर खर्च व्हावा. सभामंडप वर्गणीतूनही होतो.

आणखी एक काम आजच करा. नदीकाठच्या चार विहिरी निवडा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहा. हे काम घरातल्या बाईमाणसांनी घेतले तर ते चुकत नाही, असा माझा अनुभव आहे. तक्रार करायची वेळ आली तर ही वही दहा भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

तरुणांना दोन शब्द

कर्जाने ट्रॅक्टर घेतलेल्या पोरांना रात्री कुणीतरी येऊन सांगतो, "एका खेपेला एवढे देतो." खेप कुणाची, पावती कुठे, हे पोरगा विचारत नाही. महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे विनापरवाना वाळूवर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहनही जप्त होते. सांगणारा माणूस त्या दिवशी कुठे दिसत नाही. ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात उभा राहतो, हप्ते मात्र चालूच राहतात, आणि पेरणी दुसऱ्याच्या औताने करावी लागते. आईबापांनो, पोराला हे जेवताना सांगा.

घरासाठी वाळू घ्याल तर वाहतूक पास पाहून घ्या. त्यावरचा गाडीचा नंबर, तारीख, वेळ आणि ब्रास जुळतात का ते बघा आणि पास जपून ठेवा. पुराने शेतात वाळू साचली असेल तर ती परस्पर विकू नका. आधी तहसीलदारांकडे अर्ज करून परवाना घ्या. तलावातला गाळ मात्र शेताला सोने आहे. 2017 च्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत तो शेतात नेता येतो, पण त्याच योजनेत वाळू काढायला बंदी आहे. गाळ शेताचा आणि वाळू नदीची, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

त्या वयस्क शेतकऱ्यांनी निघताना मला विचारले, "साहेब, आता ठराव फिरवता येईल का?" मी म्हटले, गेलेली वाळू ठरावाने परत येत नाही, पण उरलेली राखता येईल. पुढच्या ग्रामसभेला ते चार विहिरींची वही घेऊन जाणार आहेत. मीही जाणार आहे. या वेळी मी आधी उठून येणार नाही.