मुक्काम कोठे करावा?

प्रवासाला निघण्यापूर्वी मुक्कामाचा विचार प्रत्येक जण करतो. खोलीचे भाडे किती, गरम पाणी मिळेल काय, स्थानक किती दूर आहे, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाली की निर्णय होतो. एका रात्रीच्या मुक्कामासाठी एवढा विचार पुरेसा असतो. एखाद्या ऐतिहासिक शहरात आठवडाभर राहावयाचे असेल, तर मात्र तो अपुरा ठरतो. कारण प्रवासी ज्या वस्तीत उतरतो, तीच वस्ती त्याला ते शहर कसे दिसावे हे बऱ्याच अंशी ठरवीत असते.

झाशीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठी माणसाला हे नाव लहानपणापासून परिचित असते. येथे येणारे बहुतेक प्रवासी इलाइट चौराह्याच्या आसपास उतरतात. रेल्वे स्थानकाकडून शहरात येताना लागणारा हा गजबजलेला चौक आहे. हॉटेले, खानावळी, बँका, औषधांची दुकाने आणि रिक्षा यांची येथे वाण नाही. रात्री उशिरा गाडीतून उतरलेल्या कुटुंबाला अशा ठिकाणी दिलासा वाटतो आणि ते स्वाभाविकही आहे.

परंतु चौकात उतरलेल्या प्रवाशाचा पुढील आठवडा कसा जातो, हे पाहिले पाहिजे. पहिल्या सकाळी तो रिक्षाने किल्ल्यावर जातो, तेथून राणीमहाल पाहतो आणि दुपारी खोलीवर परततो. ‘झाशी झाली’ असे म्हणून दुसऱ्या दिवशी तो सुमारे १८ किलोमीटरवरील ओरछ्याला जातो, मग दतियाला आणि पुढे खजुराहोला. आठवडा झाशीत काढूनही झाशीच्या वाट्याला अर्धा दिवसच येतो.

किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या तटाच्या आत पसरलेल्या शहरात जो राहतो, त्याचा अनुभव वेगळा असतो. ओरछ्याचा राजा वीरसिंहदेव याने १६१३ साली हा किल्ला बांधला. अठराव्या शतकात मराठ्यांचा सुभेदार नारो शंकर याने त्याचा विस्तार केला आणि शहराची वस्ती वाढविली. तटाचे दरवाजे दतिया, ओरछा, सागर, भांडेर अशा नावांनी ओळखले जातात. कोणता रस्ता कोणत्या गावाला जात होता, हे ती नावेच सांगतात. १८४२ साली ज्या गणेशमंदिरात राणी लक्ष्मीबाई आणि गंगाधरराव यांचा विवाह झाला, ते याच शहरात आहे. नेवाळकरांची कुलदेवता महालक्ष्मी हिचे मंदिर लक्ष्मी तलावाजवळ आहे आणि गंगाधररावांची समाधीही त्याच परिसरात आहे. ही स्थळे वाहनातून पाहिली तर सुटी सुटी वाटतात. पायी फिरणाऱ्याला त्यांतील अंतर कळते. किल्ल्यावरून राणीमहालापर्यंत चालत गेलेल्या माणसाला एप्रिल १८५८ मध्ये या अरुंद गल्ल्यांतून घराघरांत लढाई झाली म्हणजे काय झाले, याची कल्पना येऊ शकते.

या संदर्भात पेणजवळील वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांचे स्मरण होते. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने ते १८५७ साली काकांसह उत्तरेकडे निघाले आणि पुढे झाशीत राहिले. शहराला वेढा पडला तेव्हा ते तटाच्या आतच होते. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातून राणीचा दिनक्रम, शहराची समृद्धी आणि नंतरची लूट व कत्तल मराठी वाचकांसमोर आली. गोडसे भटजी शहराबाहेर उतरते, तर त्यांना तोफांचा आवाज ऐकू आला असता. घरांतील आकांत मात्र कळला नसता.

याला आक्षेप घेता येतील. जुन्या वस्तीत खोल्या साध्या असतात, गल्लीत वाहन शिरत नाही, वृद्धांना जिने चढवत नाहीत. उन्हाळ्यात तर झाशीचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हे आक्षेप खोटे नाहीत. ज्यांच्याबरोबर आजारी माणूस किंवा तान्हे मूल आहे, त्यांनी चौकातच राहावे. मात्र रोज सकाळी आणि सायंकाळी त्यांनी जुन्या शहरात पायी फिरावे. इतरांना पहिली आणि शेवटची रात्र स्थानकाच्या सोयीने चौकात व मधल्या रात्री जुन्या शहरात अशी विभागणी करता येईल. हिवाळ्यात ती अधिक सुखाची होते.

तथापि जुन्या वस्तीत राहणाऱ्यावर एक जबाबदारीही येते. इटलीतील व्हेनिस शहराने २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्या पर्यटकांवर प्रवेशशुल्क बसविले. मुक्काम करणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. पण त्याच शहरात राहती घरे पर्यटकांच्या खोल्या बनली आणि रहिवासी बाहेर पडत गेले. जुने शहर पाहण्याच्या हौसेने जुने शहरच रिकामे होत असेल, तर ती हौस कोणाच्या कामाची? म्हणून यजमान कुटुंब स्वतः जेथे राहते, तेथील एखादी खोली घेणे श्रेयस्कर. केंद्र सरकारच्या पर्यटन विभागाच्या घरगुती निवासयोजनेतही यजमानाने त्या घरात राहावे, अशी अट आहे. त्यामुळे घर घरच राहते, कुटुंबाला उत्पन्न मिळते आणि पाहुण्याला दोन शब्द बोलावयास माणूस मिळतो.

मुक्कामाची निवड करताना भाडे आणि सोयी अवश्य पाहाव्यात. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : सकाळी दार उघडल्यावर समोर काय दिसेल? चौराह्यावर दिसणारी वर्दळ कोणत्याही मोठ्या शहरात दिसते. जुन्या शहरातील गल्लीत दिसणारी झाशी इतरत्र कोठेही मिळत नाही आणि तिच्यासाठीच तर प्रवासी एवढ्या दूर आलेला असतो.