अडकलं मशीन, गुन्हेगार बाई!

‘तुम्हीच काहीतरी भलतं दाबलं असेल!’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी एका दिवसात तीनदा ऐकलं. सकाळी मुख्यसेविकाबाईंकडून, दुपारी तालुक्याच्या मोबाईल दुकानातल्या पोराकडून आणि रात्री घरच्या माणसाकडून. घरी ‘तुम्ही’च्या जागी ‘तू’ आलं, एवढाच फरक.

मी बावीस वर्षं अंगणवाडी चालवते. घडलं ते असं. आदल्या दिवशी ग्रुपवर आदेश आला, ‘सर्वांनी फोन आणि अॅप आजच अपडेट करून स्क्रीनशॉट टाका.’ रात्री भांडी आवरून मी फोन चार्जिंगला लावला आणि अपडेटचं बटण दाबलं. म्हणजे जे दाबायला सांगितलं होतं तेच दाबलं. पडद्यावर आकडे चढू लागले आणि ४७ टक्क्यांवर येऊन थांबले. मध्यरात्री उठून पाहिलं, ४७. पहाटे चहा ठेवताना पाहिलं, ४७. फोन इस्त्रीसारखा तापलेला.

सकाळी आहाराचं वाटप होतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं १ जुलै २०२५ पासून नियम केलाय की, घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा फोनच्या कॅमेऱ्यासमोर आणायचा, आणि ‘पोषण ट्रॅकर’ अॅपमध्ये तो जुळला की आहार दिल्याची नोंद करायची. वस्तीवरून सातवा महिना लागलेली एक बाई तीन किलोमीटर चालत आली होती. पाकिटं माझ्या कपाटात, ती माझ्यासमोर. अडलं कशानं, तर ४७ चे ४८ होत नव्हते म्हणून! मी वहीत तिची सही घेतली आणि पाकिटं दिली. मदतनीस म्हणाली, ‘बाई, नोंद नाही झाली तर?’ मी म्हटलं, ‘आधी तिचं पोट भरू दे, मग नोंद भरू.’

मुख्यसेविकाबाईंना फोन लावला (शेजारणीच्या मोबाईलवरून, कारण माझा तर मेलेला). त्यांच्यामागेही वरून तगादा असतो हे मला कळतं. पण म्हणून तोच तगादा खाली ढकलायचा? त्या म्हणाल्या, ‘काहीही करा, आजची नोंद शून्य दिसता कामा नये.’ काहीही म्हणजे काय ते सांगितलं नाही. मग तीस रुपये जायचे, तीस यायचे भाडं काढून तालुक्याला गेले. दुकानातला पोरगा म्हणाला, ‘फॉरमॅट मारावा लागेल. पाचशे रुपये. लॉकचा नंबर या कागदावर लिहून ठेवा, संध्याकाळी या.’

इथे मी थांबले. फॉरमॅट मारणं म्हणजे फोनमधलं जे दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही ते सगळं पुसणं. माझ्या फोनमध्ये काय आहे हे त्या पोराला काय ठाऊक! गावातल्या एका सुनेनं तिच्या पाठीवरच्या वळांचे फोटो माझ्याकडे ठेवायला दिलेत. तिचा स्वतःचा फोन नवरा रोज तपासतो. उद्या ती पोलीस ठाण्याची पायरी चढली तर तिच्याजवळ पुरावा आहे तो एवढाच. तो एका अनोळखी पोराच्या गल्ल्यावर, कुलपाच्या किल्लीसकट सोडून यायचा? आणि संध्याकाळी कोरा फोन घरी न्यायचा? मी फोन उचलला आणि परत आले.

फोन चालू केला तो आमच्या मंडळातल्या एका शेतमजूर बाईच्या लेकीनं. आयटीआयला आहे. तिनं काय केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण ही माहिती पाचशे रुपयांना विकली जाते. आधी तिनं विचारलं, ‘मावशी, आकडा कधीपासून हलला नाही?’ आकडा हळूहळू का होईना हलत असेल तर फोनला हात लावायचा नाही, कारण तो आतली यंत्रणा लिहीत असतो. मध्येच बंद पाडला तर अर्धीमुर्धी लिहिलेली यंत्रणा चालूच होत नाही. पण तासन्‌तास तिथेच असेल तर चालू-बंदचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण दोन्ही एकदम वीस-तीस सेकंद दाबून धरायची. (काही फोनांत नुसतं चालू-बंदचंच.) यानं काही पुसलं जात नाही, फोन नुसता नव्यानं सुरू होतो. माझा झाला. उरलेलं अपडेट त्यानं वीस मिनिटांत पुरं केलं.

पण आता अॅपचं अपडेट उतरेना. ‘प्रलंबित’ म्हणून बसून राहिलं. तिनं आतली जागा पाहिली, ती काठोकाठ भरलेली. कशानं? पोरीनं एकेक उघडून दाखवलं, आणि मला हसावं की रडावं कळेना. हात धुतल्याचे फोटो, सप्ताह साजरा केल्याचे फोटो, रांगोळीचे फोटो, दुसऱ्या चाळीस अंगणवाड्यांतल्या रांगोळीचे फोटो! वरून मागितलेल्या पुराव्यांनीच फोनचा गळा आवळला होता. ते काढले, शाळेच्या वायफायवर उतरवून घेतलं, रात्री नऊ वाजता अॅप उघडलं.

आता मला आपल्याच मैत्रिणींशी भांडायचंय. मागे आपल्या शिबिरात एका ताईंनी सांगितलं की, बायकांनी यंत्राची भीती टाकली पाहिजे. टाळ्याही पडल्या. ताई, मला यंत्राची भीती नाही. मी शिलाई मशीनची सुई बदलते, मोटारीचा फ्यूज घालते. मला भीती आहे ती यंत्र अडल्यावर येणाऱ्या कागदाची! यंत्र अडलं की पुरुषाच्या बाबतीत ‘सर्व्हर डाऊन’ असतं आणि बाईच्या बाबतीत ‘भलतं दाबलेलं’. बँकेत संगणक बंद पडला तर कारकुनाचा पगार कापत नाहीत, आपण रांगेत उभ्या राहतो. अंगणवाडीत फोन बंद पडला की मात्र सेविकेनं काम केलं नाही असं धरतात. हा फरक शिबिर घेऊन मिटणार आहे का?

आणि यंत्रं तरी कसली हातात देतात? पोषण ट्रॅकर मार्च २०२१ मध्ये आलं, तेव्हा आमच्याजवळ दोन जीबी रॅमचे फोन होते. अॅप इंग्रजीत, फोन तापणारे, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. मीही पिशवीत घालून नेला होता. त्या वेळीही म्हणणारे म्हणालेच, ‘या बायांना शिकायचं नाही.’ शिकायचं नसतं तर आम्ही त्या खेळण्यांवर इतके महिने काम रेटलं असतं का? पुढे नवे फोन आले, पण हे मागून मिळालेलं नाही, परत करून मिळालेलं आहे.

अपडेट अडकणं हे काही दैवी संकट नव्हे. २०१६ पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की, यंत्रणेच्या दोन प्रती ठेवायच्या आणि नवी बिघडली तर फोननं आपणहून जुनीवर परतायचं. ती फोनात घालणं वर्षानुवर्षं कंपनीच्या मर्जीवर होतं, आणि बऱ्याच कंपन्यांनी घातली नाही. जागा खाणारी ती, खर्चाची ती. मग बिघडल्यावर जागतं कोण, भाडं भरतं कोण, बोलणी खातं कोण?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्या दिवशी यंत्र अडेल त्या दिवशीची वहीतली नोंद ही नोंद धरली पाहिजे, आणि फोनसाठी कोणत्याही बाईचा आहार अडता कामा नये. अपडेट करणं हे काम आहे, ते कामाच्या वेळात आणि कार्यालयाच्या नेटवर व्हावं, भांडी घासून झाल्यावर आमच्या रिचार्जवर नव्हे. दुरुस्तीचा आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळावा. आपल्या मंडळांनीही एक करावं. फोन दुरुस्त करणाऱ्या मुली प्रत्येक गटात तयार कराव्यात, म्हणजे कुणाच्या पाठीवरचे वळ दुकानात गहाण पडणार नाहीत.

चौथ्या दिवशी मला ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. अमुक तारखेस वाटप शून्य का? मी उत्तरासोबत वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली, एकतीस सह्या आणि नऊ अंगठे. शिवाय ४७ टक्क्यांचा फोटोही जोडलाय, शेजारणीच्या मोबाईलवर काढलेला. अजून पोच आलेली नाही.