सौर योजनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांस खुले पत्र: छतावरची वायर कोण तपासणार?

माननीय महोदय,

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा एक कोटी घरांना छतावरची वीज मिळेल असे आपण सांगितलेत. तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान, नोंदणीकृत ठेकेदार, काम झाल्यावर तपासणी आणि पाच वर्षे देखभाल, हा शब्दही आपलाच. त्या शब्दावर विसंबून लोकांनी कर्ज काढले. त्यांच्या छतावर प्रत्यक्षात काय बसवले गेले, याचे उत्तर आपण देणे लागता.

आमच्या शेजारच्या गच्चीवरची पेटी मी उघडून पाहिली. पॅनेलकडून आलेल्या डीसी वायर घरगुती एसी एमसीबीला, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्याला, जोडल्या होत्या. त्यावर एसीची नागमोडी खूण आणि २४०/४१५ व्होल्ट हे आकडे ठळक छापलेले होते. सहा पॅनेलची एक ओळ तीनशे व्होल्टच्या आसपास जाते. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून खटका पाडताच ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. एसीच्या एमसीबीत ती ठिणगी आतल्या आत पेटती राहू शकते. आपल्या हाताखालच्या प्रत्येक अभियंत्याला हे ठाऊक आहे. मग त्या कामाला मंजुरी कोणी दिली?

वायरचेही तेच. साडेपाचशे वॅटच्या आजच्या पॅनेलमधून भर उन्हात साधारण १३ अँपिअर प्रवाह वाहतो आणि दोन वायर एकमेकींना चिकटल्या तरी तो १४ च्या आसपासच राहतो. एवढ्याशा फरकाने ना फ्यूज उडतो, ना एमसीबी पडतो. म्हणजे एका ओळीच्या जोडणीत खरे संरक्षण वायरच करते. म्हणूनच जाणकार १४ ची दीडपट करून, वर थोडी सूट ठेवून, तापलेल्या छतावरही २२ अँपिअर पेलेल अशी वायर निवडतात: चार एमएमची, तांब्याची, ऊन सोसणारी सोलर केबल. तिच्यासाठी आयएस १७२९३ हे भारतीय मानक २०२० पासून आहे. तरीही विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्यावर साधी घरगुती वायर उघडी पडलेली दिसते. पॅनेल देशी बनावटीचे आहे की नाही, हे आपण कसोशीने तपासता. वायर का तपासत नाही?

इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतचा हिशेब तर आणखी सोपा. तीन किलोवॅटचे १३ अँपिअर, सव्वापट धरले तर १६ हून थोडे जास्त. म्हणजे २० चा एमसीबी आणि त्याहून जास्त भार पेलणारी वायर. प्रत्यक्षात अडीच एमएमच्या वायरला ३२ चा एमसीबी लावलेला आढळतो. बिघाड झाला तर एमसीबी पडण्याआधी वायर जळू शकते. लांबलचक बारीक वायरीमुळे व्होल्टेज चढून ऐन दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, तो तोटा वेगळाच. तक्रार केली की ठेकेदार फोन उचलत नाही आणि कार्यालय ठेकेदाराकडे बोट दाखवते. पाच वर्षांच्या देखभालीचा अर्थ हाच का?

दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची अट आपण काढून टाकलीत. अर्ज लवकर मंजूर व्हावेत, हे आम्हालाही हवे आहे. पण कागदावरची तपासणी कमी केली, तर छतावरची वाढवायला नको का?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक घरमालकाला सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल द्या. त्यात वायरची जाडी आणि मानक, डीसी एमसीबीचे व्होल्टेज, इन्सुलेशन आणि अर्थिंगचे मोजलेले आकडे असू द्या. हा अहवाल हाती आल्याशिवाय ठेकेदाराचे काम पूर्ण मानू नका. झालेल्या कामांची फेरतपासणी करा आणि सदोष जोडणी ठेकेदाराच्या खर्चाने बदलून घ्या. छतावर किती किलोवॅट चढले, हे आपण वारंवार सांगता. त्यातले किती सुरक्षित आहेत, तेही एकदा जाहीर करा.

आपला,
एक वीजग्राहक