तोंडी लावण्यापुरती भाजी

गोव्यात हल्ली कोणाला मधुमेह निघाला की घरात पहिली शिक्षा होते ती शीताला. शीत बंद, ओट्स सुरू! पंधरा दिवसांत माणूस कंटाळतो आणि ताटात पुन्हा पहिल्यासारखा डोंगर. माझे भांडण या दोन्ही टोकांशी आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के. देशाचे ११.४. यावर आपले ठरलेले उत्तर असते, "आमचे आजे भात खाऊनच जगले." जगले ना! उकड्या तांदळाची पेज पिऊन ते दिवसभर शेतात, कुळागरात राबत. आम्ही कचेरीत बसून फायली सरकवणार (आता तर त्याही संगणकावर) आणि ताट मात्र आज्याएवढे मागणार.

दोष शीताचा नाही, प्रमाणाचा आहे. आणि हे प्रमाण आपण भाषेतच बिघडवून ठेवले आहे. भाजीला, उसळीला, किसमुरीला आपण काय म्हणतो? तोंडी लावणे! म्हणजे शीत हे जेवण, आणि बाकी सगळे ते घशाखाली उतरवायची सोय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शनात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी कोरडे धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळी ८५ आणि भाज्या ४०० ग्रॅम सांगितल्या आहेत. भाजीचे वजन धान्याहून जास्त! पणजीतल्या एखाद्या साध्या खानावळीत बसून बघा. शीत मागाल तितके. भाजी वाटीच्या तळाशी. दुसऱ्यांदा मागितली तर वाढपी असा बघतो की जणू आपण त्याचा पगारच मागितला. आणि कृपा करून बटाट्याला भाजी म्हणून खपवू नका, सकाळी पावाबरोबर तो झालेला असतो.

यासाठी परक्या स्वयंपाकघरात जायची गरज नाही. आपले खतखते घ्या. किती तऱ्हेच्या भाज्या, तूरडाळ, वर तिरफळाचा वास. मुगागाठी आहेत, तांबडी भाजी आहे, पावसात टायकिळा तर फुकट उगवतो. (खोबऱ्याचा हात तेवढा आवरावा लागेल, हे मलाही जड जाते.) पण चवथीला खतखते वाढतात ते पानाच्या कडेला, एक डाव. तोच डाव उलटा चालवा की! तीन खतखत्याचे, एक शीताचा.

आणखी एक गोष्ट, जी घरातल्या पुरुषांना ऐकायला आवडत नाही. आपली जेवणे आटोपल्यावर घरची बाई बसते, तेव्हा टोपात शीत उरलेले असते. हुमणात नुस्त्याचा तुकडा नसतो आणि भाजीचे भांडे खरवडलेले असते. तिची साखर वाढली की डॉक्टर तिलाही सांगतो, शीत कमी करा. कमी करून ती खाणार काय?